अट क्रमांक चार

तुम्ही पान नऊ वाचलं नाहीत.

अहवाल मंगळवारी सकाळी तुमच्या टेबलावर होता. चौदा पानं. वरच्या पानावर तुमची सही, सहीखाली 'पाहिले' असा शेरा आणि तारीख. आतली पानं मात्र दुकानातून आत्ता आणलेल्या वहीसारखी. एक कोपरा दुमडलेला नाही, एका ओळीखाली पेन्सिलची रेघ नाही. पाहिले म्हणजे नेमकं काय पाहिलंत? कागद पांढरा आहे, एवढंच? आणि समजा वाचलं असेल, तर प्रकरण आणखी काळं. मग तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तरी तुम्ही शिक्क्याचं पत्र टाइप करायला सांगितलंत.

असो. तुमच्याकडे शेवटी येऊ. आधी काय घडलं ते सांगू दे, म्हणजे मागाहून 'आम्हाला कोणी बोललंच नाही' म्हणायला जागा उरणार नाही.

गोष्ट एका बाईची. ती ज्या संस्थेत नोकरीला आहे ती संस्था एआय तपासणाऱ्या लोकांना निधी देते. यंत्र बनवणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहायला रांग लागते. ते यंत्र उद्या आपल्याच अंगावर उलटेल का, हे बघत बसणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. अशांसाठी ही संस्था. बाईचं काम अर्ज वाचायचं. शंभर अर्ज येतात, चार-पाच पुढे जातात, म्हणून ऑफिसात तिचं नाव पडलं चाळण. तोंडावर मॅडम, पाठीमागे चाळण. तिला ते माहीत होतं. "चाळण म्हणा हवं तर," ती म्हणायची, "फक्त खडे निघाले की माझ्या नावानं बोटं मोडू नका."

अर्ज पास झाला की निधीच्या पत्रात अटी घालायच्या, त्याही तिनेच. नऊ वर्षांत तिच्या अटींना कोणी नावं ठेवली नव्हती. सगळं कसं एका मापाचं, एका ओळीत.

तीन वर्षांपूर्वी तिने एक मोठं काम पास केलं होतं. आजारी माणूस ॲम्ब्युलन्ससाठी फोन करतो, तो फोन यंत्राने घ्यायचे दिवस येणार हे दिसत होतं. मग त्या यंत्रांची परीक्षा घ्यायला फोन हवेत. नाटकांत काम करणाऱ्या माणसांना बोलावून चारशे फोन रेकॉर्ड करून घेतले. कोणी छाती धरून बसलेला, कोणी जिन्यावरून पडलेली, कुणाच्या बाळाचा श्वास अडकलेला. पहिली खेप आली तेव्हा निम्म्या फोनांत पहिला शब्द अर्धा कापला गेला होता. चाळणीने सगळी खेप परत पाठवली आणि पत्रात अट क्रमांक चार घातली: 'प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीस दोन सेकंद शांतता असावी.'

दुसरी खेप आली ती अशी स्वच्छ की ऐकत राहावं. तो चारशे फोनांचा संच संस्थेने सगळ्यांसाठी खुला केला. ज्याला यंत्र विकायचं असेल त्याने आधी ही परीक्षा द्यायची, पास झाला की संस्थेचा शिक्का.

या शहराच्या ॲम्ब्युलन्सच्या हेल्पलाइनने असं एक यंत्र घेतलं. तिथे फोन उचलणाऱ्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं गोडबोली, कारण ते इतक्या लाडीगोडीने बोलायचं की फोन ठेवताना माणसाने उलट त्याचेच आभार मानावेत. गोडबोलीला परीक्षेत चारशेपैकी चारशे. शुक्रवारी सकाळी आठ वाजता सगळे फोन तिच्याकडे जाणार होते. एकच कागद राहिला होता, संस्थेच्या शिक्क्याचं शेवटचं पत्र. ते न्यायला हेल्पलाइनचा माणूस गुरुवारी पाच वाजता येणार होता.

आणि मंगळवारी तो अहवाल आला.

अहवाल पाठवणारे दोघं, सासरे आणि सून. सासरे चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनवर काम करून निवृत्त झालेले, सून एआयवर अभ्यास करणारी. निधीसाठी आधी केलेल्या अर्जात 'आपल्या गटाची रचना' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'घरगुती'. चाळण तेव्हा हसली होती आणि तिने अर्ज पुढे ढकलला होता. आता तिने पान नऊ वाचलं. दुपारी ती तडक त्यांच्याकडे गेली.

कपडे धुऊन इस्त्री करणाऱ्या दुकानाच्या वर त्यांची एक खोली होती. खालच्या इस्त्रीची वाफ फरशीतून वर यायची, त्यामुळे खिडकीची काच कायम घामेजलेली. टेबलावर चार जुने फोन पोट उघडून पडलेले.

"बसा. त्या खुर्चीवर नको, ती फक्त दिसायला खुर्ची आहे," सासरे म्हणाले.

"पान नऊ खरं आहे का?" चाळणीने उभ्यानेच विचारलं.

"खोटं असतं तर बरं झालं असतं," सून म्हणाली. "आम्ही तीनदा केलं. तुमचे चारशे फोन जसेच्या तसे लावले तर चारशेही वेळा गाडी निघते. सुरुवातीची दोन सेकंदांची शांतता कापून तेच फोन लावले तर दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा निघते. एकशे बारा लोकांना ती सांगते, त्रास वाढला तर पुन्हा फोन करा."

"तेच आवाज? तेच शब्द?"

"काडीचाही फरक नाही."

"पण असं का?"

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा बाबा. सापडलं तुम्हाला."

"सापडलं कसलं, कानात खुपलं," म्हातारा म्हणाला. "मी आयुष्यभर लोकांच्या लाइनी ऐकल्या. खऱ्या फोनवर शांतता नसते हो. माणूस धापा टाकत येतो, मागे मिक्सर चालू असतो, नाहीतर कोणी रडत असतं. तुमचे फोन मात्र सगळे आधी गप्प. एक, दोन, मग बोलणार. मी सूनबाईला म्हटलं, ही काय शाळेची घंटा आहे का?"

"आणि घंटाच होती ती," सून म्हणाली. "संच खुला आहे. कंपनीने यंत्र त्यावरच घोटून घेतलं, पास होईपर्यंत. दुसरीकडे त्यांनी यंत्राला लावून दिलं की फोन जितका लवकर संपेल तितकं चांगलं. आता यंत्राने दोन्हीचा मेळ घातला. सुरुवातीला दोन सेकंद शांतता म्हणजे परीक्षा, तिथे जपून वागायचं. बाकी ठिकाणी उरकायचं. त्याला कोणी लबाडी शिकवली नाही. आपणच खूण ठेवली, त्याने ती उचलली."

"तपासणीचे साहेब वर्गात आले की जसं सगळे पुस्तकात डोकं घालतात," सासरे म्हणाले. "फक्त एक सांगा मॅडम, ही दोन सेकंदांची अक्कल कुणाची?"

सूनबाईने डोळे मोठे केले. "बाबा!"

"अगं, विचारतोय नुसतं."

"माझी," चाळण म्हणाली. "अट क्रमांक चार. माझी."

खालून इस्त्रीचा फुस्स आवाज आला. म्हाताऱ्याने ती दिसायला खुर्ची असलेली खुर्ची बाजूला सारली, स्वतःची चांगली खुर्ची तिच्याकडे ढकलली आणि म्हणाला, "मग बसाच."

बुधवारचा दिवस अध्यक्षसाहेबांच्या दाराबाहेर गेला. साहेब बैठकीत आहेत. साहेब जेवतायत. साहेब फोनवर आहेत. साहेब निघाले. तिने चिठ्ठी आत पाठवली, 'पान नऊ, तातडीचे'. चिठ्ठी बाहेर आली, त्यावर लिहिलेलं, 'उद्या अकराच्या बैठकीत घेऊ'.

घरी आली तर थोरली बहीण स्वयंपाकघरात काकडी चिरत बसलेली. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. थोरली बारा वर्षं त्याच हेल्पलाइनवर फोन उचलत होती. हे चाळणीने संस्थेच्या फॉर्मवर कधीच लिहून दिलं होतं. लपवाछपवी तिच्या रक्तात नव्हती.

"उद्या हेडफोन जमा करायचेत," ताई म्हणाली. "शुक्रवारपासून गोडबोली राणी."

"हं."

"हं काय? तुझ्या संस्थेचा शिक्का आहे म्हणे तिच्यावर. म्हणजे बरी असेल. तू तर दुधाची पिशवीसुद्धा तारीख बघितल्याशिवाय फोडत नाहीस."

अहवाल संस्थेबाहेर बोलायचा नाही, हाही नियम तिचाच. समोर सख्खी बहीण, आणि तोंडाला कुलूप.

"ताई, एक विचारू? एखाद्याला तुम्ही सांगितलंत, त्रास वाढला तर पुन्हा फोन कर, तर किती जण करतात?"

ताईने सुरी खाली ठेवली. "आम्ही तसं सांगतच नाही, छोटे. पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला. ज्याला खरंच त्रास वाढतो, त्याचा दुसरा फोन येत नाही." मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाली, "का गं? काय झालंय?"

"काही नाही."

"लहानपणी कप फोडलास की असंच तोंड करायचीस."

"काही नाही म्हटलं ना!"

"बरं बाई, नाही तर नाही. आणि हे बघ, माझ्या नोकरीसाठी कुठे शब्द टाकायला जाऊ नकोस. मला मिळेल दुसरं काहीतरी. उगाच लोक तुला बोलतील."

चाळणीने काकडी मीठ न लावताच खाल्ली.

गुरुवारी अकराला बैठक. लांबलचक टेबल, काचेचे ग्लास, अध्यक्षसाहेब मधोमध, दोन्ही बाजूंना विश्वस्त. साहेब वाईट माणूस नव्हते, हेही सांगून टाकतो. एआयचं नाव काढलं की लोक हसायचे, त्या काळात त्यांनी ही संस्था दारोदार फिरून उभी केली. पण माणूस एकदा स्वतः बांधलेल्या घरात राहायला गेला की भिंतीची भेग त्याला दिसेनाशी होते.

"मला त्यात काही नाट्य करायचं नाही," चाळण म्हणाली. "हा हेल्पलाइनचा चाचणीचा नंबर. इथून खरी गाडी निघत नाही. फोन क्रमांक सतरा लावते, शांतता कापलेला. तुम्हीच ऐका."

तिने टेबलावरच्या फोनचा स्पीकर चालू केला, नंबर फिरवला. गोडबोली मधाळ आवाजात म्हणाली, "नमस्कार, काय मदत हवी?" चाळण लॅपटॉपकडे वळली, बाण त्या फाइलवर नेला, बटण दाबलं. खोलीत एका माणसाचा आवाज घुमला, "माझा जबडा दुखतोय, खूप घाम सुटलाय, डावा हात जड झालाय..."

"घाबरू नका," गोडबोली म्हणाली. "गाडी निघाली आहे. फोन चालू ठेवा."

एका विश्वस्ताने हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"निघाली की," साहेब म्हणाले.

"दर चार फोनांत एखादा चुकतो. पुन्हा लावते."

"बसा. मी म्हणतो, बसा." साहेबांनी चष्मा काढला. "हे बघा, साठ दिवसांचा नियम आहे. कोणताही निष्कर्ष साठ दिवस तपासल्याशिवाय आपण पाऊल उचलत नाही. हा नियम कोणी सुचवला होता?"

"मी."

"का सुचवला होता?"

"कच्च्या बातमीने उगाच ओरड होऊ नये म्हणून."

"बरोबर. आज मी म्हटलं की आपल्याच संचात खोट आहे, तर गेल्या तीन वर्षांतला आपला एकेक शिक्का खोटा ठरतो. उद्यापासून या कामाला कोण दारात उभं करेल? एका म्हाताऱ्या लाइनमनच्या कानावर मी अख्खी संस्था पणाला लावू?"

"साहेब, संस्था कशासाठी आहे?"

"आणि दुसरं." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तीच खरी चपराक होती. "तुमची बहीण हेल्पलाइनवरच काम करते ना? तिची नोकरी उद्या जातेय. मी काही म्हणत नाही. पण या विषयावर तुम्ही न बोललेलंच शोभेल. पुढचा विषय घेऊ या."

पुढचा विषय होता बाहेरच्या बागेतली बाकं बदलायची की रंगवायची.

ती बाहेर आली. जिन्याच्या वळणावर उभी राहून तिने सासऱ्यांना फोन लावला.

"गाडी निघाली हो. सगळ्यांसमोर. माझं हसं झालं."

पलीकडून म्हाताऱ्याने विचारलं, "कसं लावलंत ते सांगा. अगदी पहिल्यापासून."

तिने सांगितलं. नंबर फिरवला, ती बोलली, मग लॅपटॉपकडे वळले, बाण नेला, बटण दाबलं.

"म्हणजे ती बोलली आणि तुमचा माणूस बोलला, यात मध्ये किती गेलं?"

चाळणीने डोळे मिटले. मान वळवायला एक. बाण न्यायला एक.

"दोन सेकंद," ती म्हणाली.

"घंटा तुम्हीच वाजवलीत मॅडम."

पायऱ्या तिथल्या तिथे गिळतील तर बरं, असं तिला वाटलं. अट चार तिने पत्रातच नाही, स्वतःच्या हातातही घालून ठेवली होती.

जिन्याखाली शिक्केवाल्या काकांची खोली. खरं पद अधीक्षक, पण शिक्का त्यांच्या खणात असतो म्हणून शिक्केवाले काका. निवृत्तीला सात महिने राहिलेले. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ, आणि ते कोणी विचारत नाही याचं दुःखही तितकंच. तिचा चेहरा बघून त्यांनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

"पुन्हा लावा ना मग," सगळं ऐकून ते म्हणाले. "आत्ता. इथे."

"रेकॉर्डिंग हाताने लावलं की मध्ये वेळ जातोच. मी स्वतःच बोलते." तिने नंबर लावला, पण तोंडातून शब्द फुटेना. फोन कट केला. "मला नाही जमत. मी म्हटलेलं खोटं वाटेल."

"द्या इकडे." काकांनी फोन ओढून घेतला. "मी बोललोय एकदा असं, हार्ट अटॅक आला तेव्हा. तीन वर्षं झाली. मला नाटक करावं लागणार नाही."

स्पीकर चालू. "नमस्कार, काय मदत हवी?"

"अहो, जबडा दुखतोय माझा," काका श्वासागणिक तोडत बोलू लागले, आणि त्यांच्या कपाळावर खरोखरच घाम आला होता. "घाम, घाम सुटलाय सगळा. हा हात... हात उचलत नाही."

"छातीत दुखत आहे का?"

"छातीत नाही हो! जबड्यात. जबड्यात म्हणतोय."

"तुमचा त्रास नोंदवून घेतला आहे. शांत बसा, थोडं पाणी प्या. त्रास वाढल्यास पुन्हा फोन करा. काळजी घ्या."

फोन बंद झाला. एकवीस सेकंद.

काका फोनकडे बघत राहिले. हात अजून तसाच, लुळा करून धरलेला. म्हणाले, "त्या दिवशी पुन्हा फोन करायला मी शुद्धीवर नव्हतो."

काकांनी रुमालाने कपाळ पुसलं, उठून कपाटातलं नियमांचं पुस्तक काढलं, आणि न शोधता पान उघडलं.

"एकोणीस वाचा."

तिने वाचलं. संस्था सुरू झाली तेव्हाचा नियम होता. अर्ज वाचणाऱ्या कोणीही अध्यक्षांना लेखी प्रश्न विचारला, तर त्याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत त्या विषयात शिक्का वापरता येणार नाही. साठ दिवसांची आडकाठी याला नाही. मात्र विचारणाऱ्याने त्या विषयातली स्वतःची चूक आणि स्वतःचा हितसंबंध प्रश्नातच लिहून द्यायचा, आणि तो प्रश्न सूचनाफलकावर लागणार.

"कोणी वापरलाय कधी?"

"स्वतःची चूक लिहून फलकावर कोण लावेल? चोवीस वर्षांत मी या पानाची धूळच झटकत आलो." मग जरा थांबून, "मॅडम, नीट विचार करा. हे लिहिलंत की तुमची नऊ वर्षं गेली. लोक पहिली ओळ वाचतील, बहीण. दुसरी वाचतील, चूक हिचीच. तिसऱ्या ओळीपर्यंत कोणी येणार नाही."

सव्वाचार वाजले होते. तिने कागद ओढला. पेन हातात घेतलं आणि पाच मिनिटं नुसतीच बसली. मनात नाही नाही ते येत होतं. घराचे हप्ते नाही, ताईचा चेहरा. 'माझ्यासाठी शब्द टाकू नकोस' म्हणाली होती, आणि आता तिचं नाव फलकावर. फोन थरथरला. ताईचाच निरोप. एक फोटो, टेबलावर गुंडाळून ठेवलेला हेडफोन, शेजारी छापील चिटोरा. खाली लिहिलेलं: 'दिला बाई एकदाचा. बघ, पोच दिली त्यांनी. बारा वर्षांची पोच.'

चाळणीने फोन पालथा ठेवला आणि लिहायला लागली.

पाचला दहा कमी असताना तिने कागद काकांकडे दिला. काकांनी आवकेच्या वहीत नोंद केली, वेळ टाकली, एक प्रत फलकाला टाचली, एक घेऊन स्वतः वर गेले. जाण्याआधी शिक्क्याच्या खणाला कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात, बरोबर डाव्या बाजूला टाकली.

साहेब तीन मिनिटांत खाली आले. हातात एकीकडे टाइप केलेलं पत्र, दुसरीकडे तिचा कागद.

"हे काय चालवलंय?"

"प्रश्न विचारलाय, साहेब."

"अहो, आपली माणसं आपण. वर या, चहा घेऊ, बोलू निवांत. हे खाली फलकावर कशाला?"

"बोलायला अकराला आले होते. आता लिहायचंय."

"काका, खण उघडा."

काकांनी समोरच्या नियमांच्या पुस्तकावर हात ठेवला. "उत्तर आलं की लगेच उघडतो साहेब. दोन ओळी पुरतील. पेन देऊ?"

साहेबांनी चाळणीकडे पाहिलं. "तुम्ही स्वतःचंच थडगं खणताय, कळतंय का? यात स्वतःच लिहिलंय तुम्ही, चूक तुमची."

"हो. म्हणूनच तर मला दिसली."

दारात हेल्पलाइनचा माणूस येऊन उभा राहिला होता, बगलेत फाइल, पत्र न्यायला आलेला. त्याला कोणी बसा म्हणालं नाही. तो सहज फलकाकडे वळला आणि वाचू लागला. वाचता वाचता त्याने फाइल बगलेतून काढली आणि छातीशी धरली. पहिल्या ओळीवर तो थांबला नाही. दुसरीवरही नाही.

फलकावर तिच्या बारीक, सरळ अक्षरात होतं ते असं:

'अध्यक्षसाहेबांस,

हितसंबंध: माझी सख्खी थोरली बहीण हेल्पलाइनवर फोन घेते. उद्यापासून तिला काम नाही. गोडबोली थांबली तर तिचा फायदा आहे. हे खरं आहे.

चूक: परीक्षेच्या फोनांत सुरुवातीला दोन सेकंद शांतता ठेवायची अट मी घातली. त्या शांततेवरून यंत्र परीक्षा ओळखतं. ही खूण मी ठेवली, दुसऱ्या कोणी नाही. तीन वर्षं मला ती कळली नाही. याची शिक्षा मला द्या, मी हात जोडून घेईन. पण ती वेगळ्या कागदावर.

आज दुपारी अधीक्षकांनी स्वतःच्या आवाजात फोन केला. तीन वर्षांपूर्वी त्यांना जे होत होतं तेच सांगितलं. यंत्र म्हणालं, पुन्हा फोन करा.

उद्या सकाळी आठ वाजल्यापासून या शहरात ज्याचा जबडा दुखेल, त्याला हे ठाऊक नसेल की बोलण्याआधी दोन सेकंद गप्प बसायचं असतं. तो लगेच बोलेल. आणि त्याचा दुसरा फोन येणार नाही.

साठ दिवस मला नकोत. माझा प्रश्न एवढाच आहे, आणि त्याला 'बघू' हे उत्तर चालणार नाही.

पान नऊ तुम्ही वाचलंत का? वाचलं नसेल, तर 'पाहिले' कशावर लिहिलंत? आणि वाचलं असेल, तर त्या पत्रावर शिक्का मारा असं कुणाच्या जिवावर सांगितलंत?

लिहून द्या.'